त्या घडीला बाजाराला काय ठाऊक होते?

जून २०२५ मध्ये अमेरिकेत किती नोकऱ्या वाढल्या? या साध्या प्रश्नाला निदान तीन अधिकृत उत्तरे आहेत. ३ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सने, म्हणजे बीएलएसने, सांगितले की शेती वगळता इतर क्षेत्रांत १,४७,००० नोकऱ्या वाढल्या. १ ऑगस्टला तेच कार्यालय म्हणाले, १४,०००. ५ सप्टेंबरला आकडा शून्याखाली गेला: उणे १३,०००. बाजाराने मात्र पहिल्या संध्याकाळी फक्त पहिला आकडा ऐकला होता. अर्थतज्ज्ञांचा अंदाज १,१०,००० च्या आसपास होता, त्यामुळे १,४७,००० ऐकताच डॉलर वधारला.

आता कोणी आज चलन व्यवहाराची एखादी पद्धत पारखायला बसला, जूनचा आकडा आज जसा दिसतो तसा उतरवून घेतला आणि ३ जुलैच्या भावाशेजारी मांडला, तर त्याला काय दिसेल? नोकऱ्या घटल्या आणि डॉलर चढला! अशा शंभर-दोनशे नोंदी जमल्या की त्यातून एखादा नियमही निघेल, आणि तो नियम पुढे पैसे बुडवील. त्या तक्त्यातला एकही आकडा खोटा नसेल, पण त्या तारखेला तो कोणालाही माहीत नसेल.

आर्थिक कॅलेंडरची माहिती गोळा करणाऱ्याने पहिल्यापासून एवढेच ध्यानात ठेवायचे असते. आपण अर्थव्यवस्थेचा इतिहास लिहीत नाही. कोणत्या क्षणी बाजाराला काय ठाऊक होते, याची नोंदवही लिहितो. दोन्हींत फार फरक आहे, आणि विकत मिळणाऱ्या किंवा फुकट उतरवता येणाऱ्या कितीतरी तक्त्यांत तो पुसलेला असतो.

कॅलेंडरची एक ओळ दिसायला अगदी सरळ असते. तारीख, वेळ, देश किंवा चलन, आकड्याचे नाव, मागील आकडा, अंदाज, प्रत्यक्ष आकडा, आणि शेजारी महत्त्व दाखवणारा लाल, नारिंगी किंवा पिवळा ठिपका. महागाई, रोजगार, जीडीपी, किरकोळ विक्री, मध्यवर्ती बँकांचे व्याजदर असे सगळे त्यात येते. यातला प्रत्येक रकाना उघडून पाहण्यासारखा आहे. सुरुवात ‘मागील’पासूनच करू, कारण घोळाचे मूळ तिथेच असते.

बीएलएस दर महिन्याला सुमारे १,२१,००० कंपन्या आणि सरकारी कार्यालयांकडून पगारपत्रकांची माहिती मागवते. महिन्याची १२ तारीख ज्या पगाराच्या काळात येते, त्या काळातले कर्मचारी मोजले जातात. पहिला अहवाल निघतो तेव्हा सगळ्यांची उत्तरे आलेली नसतात. उरलेली पुढच्या दोन महिन्यांत येतात आणि आकडा दोनदा सुधारला जातो. शिवाय वर्षातून एकदा बेरोजगारी विम्याच्या कर नोंदींशी ताळा घालून सगळी मालिकाच पुन्हा जुळवतात. ही सुधारणा म्हणजे प्रामाणिक मोजणीचा भाग आहे, लबाडी नव्हे. १ ऑगस्ट २०२५ ला मे आणि जूनचे आकडे मिळून २,५८,००० ने खाली सुधारले गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच दिवशी बीएलएसच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना पदावरून काढले. त्या दिवशी डॉलर जपानी येनसमोर १५० च्या वरून १४८ च्या खाली घसरला. जुलैचा ७३,००० हा ताजा आकडा अंदाजापेक्षा कमी होताच, पण बाजाराला खरा धक्का दिला तो ‘मागील’ या रकान्याने. फक्त ताजा आकडा जपणाऱ्याच्या वहीत त्या दिवसाची अर्धी बातमी नसते.

आपल्याकडे सातबारावर जुन्या खातेदाराचे नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात, नवे नाव लिहितात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकतात, म्हणून चाळीस वर्षांपूर्वी जमीन कोणाकडे होती हे आजही कळते. कॅलेंडरचा साठा असाच ठेवावा लागतो. जून २०२५ च्या नोकऱ्यांची एकच ओळ ठेवून तिच्यावर नवा आकडा लिहायचा नाही. तीन ओळी ठेवायच्या, आणि प्रत्येकीपुढे ती कधी जगाला कळली ते लिहायचे.

हे काम कोणी केलेलेच नाही असे नाही. अमेरिकेच्या सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेचा ‘फ्रेड’ हा आकड्यांचा साठा पुष्कळांना माहीत असतो. त्याचे ‘अल्फ्रेड’ नावाचे भावंड त्या मानाने कमी ओळखीचे आहे. त्यात एखाद्या विशिष्ट तारखेला जो आकडा दिसत होता तोच मागता येतो, आणि एपीआयमधून तो फुकट मिळतो. फिलाडेल्फियाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनेही असा साठा फार पूर्वीपासून जपला आहे. अमेरिकेच्या आकड्यांपुरते तरी ‘जुने आकडे मिळत नाहीत’ म्हणायला जागा नाही. एक बारकावा मात्र सांभाळावा. अमेरिकेचा वार्षिक महागाई दर ज्या मूळ निर्देशांकावरून काढतात तो एकदा जाहीर झाला की सहसा बदलत नाही. पण महिन्यागणिक दर ज्या मालिकेवरून काढतात, तिच्यातली ऋतुमानाची दुरुस्ती दर वर्षी नव्याने होते. एकाच अहवालातल्या दोन ओळींचा स्वभाव असा वेगळा असतो.

आता वेळ. भारतातून हे काम करणाऱ्याचा सर्वाधिक घाम याच रकान्यात गळतो. अमेरिकेचे बहुतेक मोठे आकडे पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी ८.३० ला येतात. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६.०० वाजलेले असतात, हिवाळ्यात ७.००. आपले घड्याळ वर्षभर स्थिर असते. त्यांचे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोप आणि ब्रिटन मात्र हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतात. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातले अंतर पाचऐवजी चार तासांचे होते. त्या आठवड्यांतल्या नोंदी चुकीच्या मिनिटाच्या भावाशी जोडल्या गेल्या, तर ते नुसते बघून कळतही नाही.

फेडरल रिझर्व्हचे उदाहरण आणखी बोलके आहे. व्याजदराचा निर्णय तिथे दुपारी २ वाजता जाहीर होतो. १९ मार्च २०२५ चा निर्णय आपल्याकडे त्याच दिवशी रात्री ११.३० ला आला. २९ जानेवारी २०२५ चा निर्णय आला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १२.३० वाजले होते, म्हणजे ३० जानेवारी उजाडली होती. तारखेवरून दोन तक्ते जोडणाऱ्याची अशा ठिकाणी एक दिवसाची चूक होते, आणि नेमकी वर्षातल्या सर्वांत मोठ्या घटनांमध्ये होते.

यावर उपाय ठरलेला आहे. घडून गेलेली प्रत्येक वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, साठवायची. येऊ घातलेल्या घटनेची वेळ मात्र ज्या देशाची घटना आहे तिथल्या स्थानिक वेळेत, प्रदेशाच्या नावासह ठेवायची: ‘अमेरिका/न्यूयॉर्क’, ‘युरोप/लंडन’, ‘एशिया/कोलकाता’. घड्याळाचे नियम बदलले तर यूटीसीमध्ये आधीच करून ठेवलेला हिशेब चुकेल. स्थानिक वेळ चुकणार नाही. संस्था स्वतःही वेळा बदलतात. युरोपियन सेंट्रल बँकेचा निर्णय पूर्वी मध्य युरोपच्या वेळेनुसार १३.४५ ला येई, जुलै २०२२ पासून तो १४.१५ ला येतो. बँक ऑफ जपानच्या निर्णयाला तर ठरलेले मिनिटच नाही. बैठक संपेल तेव्हा तो येतो. तिथे कॅलेंडरमध्ये छापलेली वेळ हा निव्वळ अंदाज असतो, म्हणून ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ असे दोन वेगळे रकाने लागतात.

प्रत्यक्ष वेळही दिसते तितकी साधी नसते. मिशिगन विद्यापीठाचा ग्राहक विश्वास निर्देशांक सकाळी १० वाजता सर्वांसाठी खुला होत असे. पैसे भरणाऱ्या ग्राहकांना तो ९.५५ ला मिळे, आणि जास्त पैसे मोजणाऱ्या वेगवान संगणकांना ९.५४.५८ ला, म्हणजे आणखी दोन सेकंद आधी. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी सुरू केल्यावर जुलै २०१३ मध्ये ही दोन सेकंदांची सोय थांबवण्यात आली. त्या काळातली ओळ ‘१०.००’ अशी नोंदवली, तर भाव बातमीच्या आधीच हललेला दिसतो. मे २०२४ मध्ये बीएलएसच्या काही महागाईच्या फाइल चुकून सुमारे अर्धा तास आधी संकेतस्थळावर चढल्या. त्याच वर्षी २१ ऑगस्टला नोकऱ्यांच्या वार्षिक ताळ्याचा आकडा ठरल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशिरा आला, आणि तेवढ्या वेळात काही बँकांनी कार्यालयात फोन करून तो मिळवलाही. असे दिवस साठ्यात वेगळी खूण करून ठेवलेले बरे.

तिसरा रकाना अंदाजाचा. हा सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत कमी भरवशाचा. प्रत्यक्ष आकडा सरकारी असतो, कोणालाही मिळतो. अंदाज मात्र खाजगी असतो: ब्लूमबर्ग, रॉयटर्स, डाऊ जोन्स आपापल्या अर्थतज्ज्ञांना विचारतात आणि आलेल्या उत्तरांतला मध्यक छापतात. १० नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेचा ऑक्टोबरचा महागाई दर ७.७ टक्के निघाला. त्याआधी काही ठिकाणी अंदाज ७.९ छापला होता, काही ठिकाणी ८.०. दोन्ही बरोबर, कारण विचारलेली माणसे वेगळी. बाजाराचा प्रतिसाद जबरदस्त होता: त्या दिवसात डॉलर येनसमोर सुमारे १४६ वरून १४१ पर्यंत आला, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत रुपया एक टक्क्याहून जास्त वधारला. प्रश्न असा, की धक्का ०.२ चा मोजायचा की ०.३ चा? मला विचाराल तर कोणता स्रोत घेतला यापेक्षा तोच स्रोत शेवटपर्यंत पाळला का, हे जास्त महत्त्वाचे आहे. आणि अंदाज कधी टिपला तेही लिहिले पाहिजे. सोमवारी छापलेला अंदाज गुरुवारपर्यंत सरकतो. फुकट कॅलेंडरे जुना पुसून नवा लिहितात आणि कुठे काही सांगत नाहीत.

हा धक्का मोजण्याची रीत जुनी आणि चांगली तपासलेली आहे. अँडरसन, बोलर्सलेव्ह, डीबोल्ड आणि व्हेगा या चौघांनी २००३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त चलनबाजारावर एक निबंध छापला. प्रत्यक्ष आकड्यातून अंदाज वजा करायचा आणि त्या आकड्याच्या आजवरच्या सगळ्या धक्क्यांच्या प्रमाण विचलनाने भागायचे, ही त्यांची रीत. भागाकार कशासाठी? कारण ३७,००० नोकऱ्या आणि ०.२ टक्के महागाई यांची थेट तुलना होत नाही. समजा, नोकऱ्यांच्या अंदाजात ७४,००० ची चूक नेहमीचीच असेल, तर ३७,००० चा धक्का अर्ध्या मापाचा ठरतो, महागाईत ०.१ ची चूक नेहमीची असेल, तर ०.२ चा धक्का दोन मापांचा. पाच-पाच मिनिटांचे भाव तपासून त्यांना आढळले, की बातमी येताच भाव जवळजवळ उडीच मारतो, आणि वाईट बातमीचा परिणाम चांगल्या बातमीपेक्षा मोठा असतो. यात एक सापळा मात्र आहे: भागायचे ते विचलनसुद्धा त्या तारखेपर्यंतच्याच धक्क्यांवरून काढायला हवे. पुढच्या दहा वर्षांचे धक्के त्यात मिसळले, की भविष्य मागच्या दाराने आत शिरते.

रंगीत ठिपक्यांबद्दल थोडक्यात: त्यांच्यावर विसंबू नये. १९८० च्या दशकात चलनबाजार अमेरिकेच्या व्यापारी तुटीच्या आकड्याकडे डोळे लावून बसे. २०२२ मध्ये महागाईपुढे बाकी सगळे फिके होते. आज जो ठिपका लाल आहे तो तेव्हाही लाल होता, असे धरता येत नाही.

रिकाम्या जागा हा वेगळाच विषय आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकी सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद होते. ३ ऑक्टोबरला यायचा सप्टेंबरचा रोजगार अहवाल २० नोव्हेंबरला आला. ऑक्टोबरचा महागाई निर्देशांक तर आलाच नाही. घरोघरची पाहणी झाली नसल्याने त्या महिन्याचा बेरोजगारी दरही नाही. साठ्यात अशा जागी शून्य भरले तर संगणक समजेल की बेरोजगारी संपली. मागचा आकडा पुढे ओढला तर धक्का शून्य दिसेल. ‘पुढे ढकलला’, ‘रद्द झाला’, ‘अजून यायचा आहे’ या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत आणि तिन्हींना वेगळे नाव लागते.

मेटाट्रेडर ५ या प्रणालीत कॅलेंडर आतच दिलेले आहे आणि त्यातून नोंदी थेट खेचता येतात, म्हणून पुष्कळजण तिथून सुरुवात करतात. सुरुवात म्हणून ते ठीकच आहे. प्रत्येक नोंदीत प्रत्यक्ष, अंदाज, मागील आणि सुधारित मागील असे चार आकडे वेगळे मिळतात, ही मोठी सोय आहे. पण आकडे दहा लाखांनी गुणून ठेवलेले असतात: ४.१ टक्के हा दर ४१००००० असा दिसतो. आकडा नसेल तिथे −९२२३३७२०३६८५४७७५८०८ ही अजस्र संख्या येते. ती तशीच सरासरीत गेली तर पुढचा सगळा हिशेब वाहून जातो. वेळ ब्रोकरच्या सर्व्हरची असते, आपली नाही आणि यूटीसीही नाही. आणि जिथे जुन्या भावांवर पद्धत तपासून पाहायची, त्या टेस्टरमध्ये हे कॅलेंडर चालतच नाही. म्हणून नोंदी आधी फाइलमध्ये काढून, वेळा सुधारून, मग टेस्टरला पुरवाव्या लागतात.

संकेतस्थळे खरवडून माहिती घेणाऱ्यांनी त्यांच्या अटी आधी वाचाव्यात. अनेक ठिकाणी याला परवानगी नसते. शिवाय पानावर दिसणारी वेळ पाहणाऱ्याच्या प्रदेशाप्रमाणे बदलते, आणि आपला प्रोग्राम फ्रँकफर्टच्या भाड्याच्या संगणकावर चालत असेल तर तो निमूटपणे तिथली वेळ उतरवून आणतो. त्यापेक्षा तारखा आणि आकडे मूळ संस्थेकडूनच घ्यावेत. बीएलएसचे वेळापत्रक कॅलेंडर फाइलच्या रूपात मिळते, फेडरल रिझर्व्हच्या वर्षभराच्या आठ बैठका आधीच जाहीर होतात.

भारतीय नोंदी ठेवणाऱ्याला यात दोन दिवस फार काही शिकवतात. पहिला, ४ मे २०२२. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची पुढची बैठक ठरली होती जूनमध्ये. पण त्या दिवशी सकाळी कळले की गव्हर्नर दुपारी २ वाजता बोलणार आहेत, आणि रेपो दर ४.०० वरून थेट ४.४० टक्के झाला. आजच्या कोणत्याही कॅलेंडरात ती ओळ इतर बैठकांसारखीच दिसते. ‘निर्णयाच्या आदल्या दिवशी व्यवहारातून बाहेर पडायचे’ असा नियम जुन्या माहितीवर तपासला, तर संगणक ३ मे रोजीच बाहेर पडेल आणि नफा दाखवील. ३ मे रोजी ही घटना कोणाच्याच कॅलेंडरात नव्हती! म्हणून घटना कधी घडली याबरोबर, ती घडणार हे कधी कळले, ही तिसरी वेळही प्रत्येक ओळीत हवी.

दुसरा दिवस १२ नोव्हेंबर २०२४. आपल्या किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेला संध्याकाळी ५.३० ला येत असे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने त्या दिवसापासून ही वेळ दुपारी ४.०० केली. शेअरबाजार ३.३० ला बंद होतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने फरक थोडा. पण एक्स्चेंजवरचे डॉलर-रुपया फ्युचर्स ५ वाजेपर्यंत चालतात. पूर्वी हा आकडा त्यांचा बाजार उठल्यावर येई आणि परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता एकदम दिसे. आता तो चालू बाजारात पडतो आणि पहिला तासभर तिथेच पचतो. बँकांचा आपसातला बाजार ३.३० ला मिटलेला असल्याने त्या तासात उलाढाल पातळ असते, तेही लक्षात घ्यावे. त्यातच ३ मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने एक्स्चेंजवरच्या रुपयाच्या व्यवहारांना प्रत्यक्ष विदेशी चलनाची जोखीम असण्याची अट स्पष्ट केली, आणि तिथली उलाढाल मोठ्या प्रमाणात आटली. परदेशी ॲपवरून युरो-डॉलर खेळणाऱ्यांना तर फेमा हा परकीय चलन व्यवस्थापन कायदा आडवा येतो; रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी काढते, ती पाहिल्याशिवाय कुठेही पैसे भरू नयेत. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार किंवा पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी आपल्या येणे रकमेचे रक्षण करायला हेच आकडे पाहते, आणि तिला एक्स्चेंजवरच्या फ्युचर्सचा मार्ग कायद्यानेच खुला आहे.

तेव्हा भारतीय महागाईच्या ओळी १२ नोव्हेंबर २०२४ च्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन गटांतच तपासाव्या लागतात. आधीच्या गटात मोजायचा तो दुसऱ्या सकाळचा पहिला भाव, नंतरच्या गटात ३.५९ आणि ५.०० यांमधला.